आयबेनश्लागच्या किल्ल्याचं छप्पर

हेडविग कोल्म, म्हणजे गावाची हेडी, आपल्याच गावच्या किल्ल्याचा इतिहास शोधायला आली, तेव्हा आयबेनश्लागने तिचं माहेरवाशिणीसारखं स्वागत केलं. सरपंच रुपर्ट वाइक्सेलब्राउनने कचेरीच्या दारातच तिला मिठी मारली. "आली रे, व्हिएन्नाची बाई आली! आता आमच्या किल्ल्याचं कल्याण होणार," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. हा रुपर्ट शाळेत तिच्याच बाकावर बसायचा आणि तिच्या वहीत डोकावून गणितं सोडवायचा. आता त्याचं पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण दुसऱ्याकडून काम काढून घेण्याची हातोटी तीच होती.

काम तसं साधं होतं. किल्ल्याच्या मोठ्या दालनावरचं लाकडी छप्पर पंधराशे चौदा सालचं आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. येत्या उन्हाळ्यात त्याला पाचशे वर्षं होणार होती. बँड, मेजवानी, बाहेरचे बडे पाहुणे असा सगळा बेत ठरला होता. त्याआधी कुणा जाणकाराचा शिक्का तेवढा हवा होता. हेडीचा धंदाच तो. पोकळ गिरमिटाने तुळईतून शिसपेन्सिलीएवढी कांडी काढायची, तिच्यातली वर्तुळं भिंगाखाली धरायची आणि झाड कुठल्या हिवाळ्यात पाडलं ते सांगायचं. उभ्या ऑस्ट्रियातली छपरं तिने अशी टोचून पाहिली होती. आपल्या गावचं तेवढं राहिलं होतं.

त्या छपराची गोष्ट सांगणारा माणूस म्हणजे तिचे वडील. एंगेलबर्ट कोल्म, वय अठ्ठ्याहत्तर. सगळा जन्म गावच्या शाळेत गेला, त्यामुळे सरपंचापासून खाटकापर्यंत सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ते रविवारी किल्ला बघायला येणाऱ्यांना दालनात नेत, हिरवी टोपी काढत आणि काठी वर करत. "जुनं छप्पर मोडकळीला आलं होतं," ते सुरू करत, "मालक लढाईवर गेलेला. कुणी हुकूम केला नाही, कुणी चाबूक उगारला नाही. गावाने आपणहून फरची झाडं पाडली, बर्फावरून ओढत वर आणली, आणि एका हिवाळ्यात हे छप्पर उभं केलं. दर घरामागे एक तुळई. ही वाइक्सेलब्राउनांची. ती शेजारची ग्र्युनश्टॉयडलांची. आणि ती कोपऱ्यातली आमची, कोल्मांची." प्रत्येक तुळईच्या टोकाशी भिंतीवर त्या त्या घराण्याच्या नावाची पितळी पाटी होती. लहानपणी हेडी ही गोष्ट ऐकायची तेव्हा तिची छाती फुगून यायची. आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

ऑक्टोबरात ती शिडी लावून वर चढली तेव्हा खाली शिडी धरून गुरुजीच उभे होते.

"त्या कोपऱ्यातली तुळई घे, हेडी. आपली. तिची साल अजून शाबूत आहे."

"घेते ना. पण बाकीच्यांतूनही काढावं लागेल थोडं थोडं."

"कशाला? सगळ्या एकाच वेळच्या आहेत. उगाच भोकं पाडून चाळण करशील."

"बाबा, तुम्ही कधी एकाच पोराला प्रश्न विचारून सगळ्या वर्गाला पास केलंत का?"

गुरुजी हसले नाहीत. शिडीवरचा हात सोडून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखले असतील, असं तिला वाटलं.

तुळया सुंदर होत्या. कुऱ्हाडीने तासलेल्या, घाव न् घाव दिसणाऱ्या. गिरणीत कापलेलं लाकूड असं दिसत नाही. तिने मन लावून काम केलं, कांड्या नळ्यांत भरल्या आणि व्हिएन्नाला घेऊन गेली.

पहिली तपासली ती कोपऱ्यातली. पंधराशे तेराच्या हिवाळ्यात पाडलेलं झाड. तिने फोन उचलून वडिलांना सांगितलं. "झालं तर मग," ते म्हणाले. "आता बाकीचं राहू दे."

बाकीचं तिने राहू दिलं नाही. दुसरी कांडी भिंगाखाली घातली आणि तिला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. तिसरी घेतली, चौथी घेतली. सगळ्या एकाच सुरात बोलत होत्या. कोपऱ्यातली ती एक सोडली तर दालनावरचं झाडून सगळं लाकूड एकोणीसशे त्रेचाळीस आणि चव्वेचाळीसच्या मधल्या हिवाळ्यात पाडलेलं होतं.

त्या हिवाळ्यात गावातले धडधाकट पुरुष रशियात आणि इटलीत लढत होते किंवा मरून पडले होते. मग ही झाडं पाडली कुणी? वर ओढली कुणी? कुऱ्हाडी कुणाच्या हातात होत्या?

हे विचारायचं तर गावात एकच माणूस होतं. त्सिली मावशी. मावशी म्हणजे नात्याची कुणी नव्हे, सगळ्या गावाचीच मावशी. अठ्ठ्याऐंशीची, पाठीत वाकलेली, पण जिभेला गंज चढला नव्हता. हेडी गेली तेव्हा ती स्वयंपाकघरात काळी खसखस दळत बसली होती. टेबलाला घट्ट बसवलेली चक्की, काळंनिळं पीठ खाली परातीत पडतंय.

"मावशी, किल्ल्याचं छप्पर कधी जळलं होतं का गं?"

"जळलं की. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात. वीज पडली. किल्ल्यात लष्कराचं धान्य होतं, तीन दिवस गावभर भाजक्या गव्हाचा वास." मावशीचा हात थांबला नाही. "का गं?"

"आणि मग नवं कुणी बांधलं?"

"त्या पोरांनी. युक्रेनमधून धरून आणलेली, कामाला जुंपलेली. आमच्याच कोठारात झोपायची. पायांना पोती गुंडाळलेली. लाकडं कापायच्या गिरणीला तेल नव्हतं, म्हणून सगळं कुऱ्हाडीने. दिवसभर ठक ठक, ठक ठक. माझ्या आईचं डोकं उठायचं."

एवढी वर्षं हेडी ज्याच्याखाली मान उंचावून उभी राहिली, ते मावशीने खसखशीबरोबर दळून परातीत टाकलं होतं.

"किती जण होते?"

"मोजायला कोण गेलंय?"

"तुम्ही त्यांना खायला वगैरे द्यायचात?"

आता मात्र मावशीने चक्की थांबवली. "आता सगळे सांगतात, आम्ही गुपचूप बटाटे द्यायचो. भाकरी द्यायचो. एवढं दिलं असतं तर ती पोरं लठ्ठ झाली असती. कुणी काही दिलं नाही. मीही नाही. खिडकीतून बघायचे, आणि त्यांतलं कुणी वर बघितलं की पडदा ओढायचे. अठरा वर्षांची होते."

"हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस कधी?" मावशी म्हणाली. "तुम्ही सगळे दालनात जाऊन तुझ्या बापाची गोष्ट ऐकत होतात. छान सांगायचा तो. मलाही आवडायची." मग पुन्हा चक्कीची मूठ धरत, जणू हवामानाचं बोलावं तशी, ती म्हणाली, "एक पडला त्यातला. वरून. बर्फाने वासे निसरडे झालेले. सर्वांत लहान होता तो."

"मेला?"

"लगेच नाही. संध्याकाळपर्यंत होता."

"कुठे पुरलं त्याला?"

"ते मला कसं माहीत? तुझ्या बापाला विचार. त्याच्या बापानेच तर खड्डा खणवला. छपराचं काम त्याच्याच हाताखाली होतं ना."

हेडीला आजोबा आठवत होते. जंगल खात्यातले, तंबाखूचा वास येणारे, तिला गुडघ्यावर बसवून झाडांची नावं शिकवणारे. साल बघून झाड ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडिलांसमोर जेवायला बसली. गुरुजींनी तिच्यासाठी तळ्यातला कार्प मासा तळला होता, बटाट्याचं सॅलड केलं होतं. बायको गेल्यापासून ते स्वतःच रांधत, आणि पोरीला आवडतं तेच रांधत.

"कोपऱ्यातलीच तुळई घे म्हणालात, बाबा."

"मग? ती जुनीच आहे."

"ती एकटीच जुनी आहे. आगीतून वाचलेली. तुम्हाला माहीत होतं."

गुरुजींनी तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मी खोटं काय सांगितलं? पंधराशे चौदाला गावाने छप्पर बांधलं. बांधलंच होतं."

"ते जळलं."

"जळलं. म्हणून गोष्ट खोटी होते?"

"लोक मान वर करून जे बघतात ते कुणी बांधलंय? कुणी चाबूक उगारला नाही म्हणे! आजोबांच्या हातात काय होतं मग?"

"माझ्या बापाबद्दल जपून बोल."

"मी विचारतेय, बोलत नाहीये."

गुरुजींचा चेहरा लालभडक झाला. "मी शाळेत लागलो तेव्हा समोर कोण बसलं होतं माहितीये? युद्धावरून परतलेल्यांची पोरं. कुणाचा बाप दिवसभर प्यायचा, कुणाचा झोपेत किंचाळायचा. त्यांना मी काय सांगायचं होतं? तुमच्या आयांनी पडद्याआडून काय बघितलं ते? मी त्यांना मान ताठ करून चालायला एक गोष्ट दिली. तुलाही तीच दिली. लाकडाचं हे वेड तुला लागलं कुठून? त्याच दालनात, माझं बोट धरून! आणि आता तेच गिरमिट माझ्या छातीत घालतेस?"

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. पण ती थांबली नाही.

"तो पडलेला मुलगा कुठे पुरलाय, बाबा?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही आजोबांना रोज दुपारचं जेवण घेऊन जायचात. आजीनेच सांगितलं होतं."

"आठ वर्षांचा होतो मी!"

"आठ वर्षांचं पोर डोळे मिटून चालत नाही."

ते उठले, अर्धवट खाल्लेलं ताट घेऊन मोरीशी गेले आणि ते एकच ताट बराच वेळ धूत राहिले.

रुपर्टने तिला खानावळीत बोलावलं. तिचा अहवाल त्याने वाचला होता. दोन बिअर मागवून त्याने मिशी पुसली. "हेडी, तुला लाकूड बघायला बोलावलं होतं. तू तर गावाचं पोट फाडून बघितलंस."

"आत काय निघालं ते वाचलंस ना?"

"त्यात नवीन काय आहे? माझी आजी सांगायची की. युक्रेनी पोरं, आग, सगळं."

"तुला माहीत होतं? आणि त्या तुळईखाली तुमच्या घराण्याची पाटी?"

"पाटी कुणाला चावते का? अगं, सगळ्यांना माहीत असतं. माहीत असणं निराळं आणि बोंब मारणं निराळं. तू असं कर, 'विसाव्या शतकात डागडुजी' एवढंच लिही. खोटं नाही ना ते?"

"आग लागून सगळं गेलं, रुपर्ट. डागडुजी कसली?"

"गुरुजींचा तरी विचार कर. या वयात त्यांना तोंडघशी पाडणार?"

"त्यांचं नाव पुढे करू नकोस. तुला तुझी मेजवानी हवीय."

"हवीच आहे. बँड ठरलाय, डुकरं सांगून झालीत," रुपर्ट म्हणाला आणि हसला. वाईट माणूस नव्हता तो. तेच तिला जास्त खुपलं. तिने अहवालातला एक शब्दही बदलला नाही. कचेरीने आभाराचं पत्र पाठवलं, अहवाल कपाटात ठेवला आणि बेत ठरल्याप्रमाणे चालू राहिला.

जुलैमध्ये समारंभाला ती गेली. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. दालनात लांबलचक टेबलं मांडली होती, पितळी पाट्या घासून चकचकीत केल्या होत्या. गुरुजी उभे राहिले, टोपी काढली, काठी वर केली. गोष्ट तीच. दर घरामागे एक तुळई. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत हेडी उठली.

"हे छप्पर गावाने बांधलेलं नाही," ती म्हणाली. आवाज भिंतीपर्यंत पोचला. "चव्वेचाळीसमध्ये युक्रेनहून धरून आणलेल्या मुलांनी ते बांधलं. उपाशी. पायांना पोती बांधून. त्यातला एक वरून पडून मेला. त्याची कुठे खूणही नाही. ज्या पाट्या इथे आहेत, त्यांतली एकही त्यांची नाही."

तिला वाटलं होतं, लोक खवळतील. ओरडतील, तिला बाहेर काढतील, निदान कुणीतरी रडेल. त्या सगळ्याची तयारी करूनच ती आली होती. पण कुणी दचकलंसुद्धा नाही. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. खाटीक ग्र्युनश्टॉयडल शेजारणीला म्हणाला, "बरोबर आहे, माझा बापही तेच सांगायचा." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "बस गं पोरी आता. माहितीये सगळ्यांना. सूप निवतंय." बाहेरच्या पाहुण्यांपैकी एकाने हळूच घड्याळ बघितलं. रुपर्टने बँडला डोळ्याने खूण केली. ट्रम्पेट वाजायला लागली आणि लोक सूपमधले यकृताचे गोळे चमच्याने फोडू लागले.

हेडी बसली नाही. ती बाहेर अंगणात आली.

थोड्या वेळाने मागे काठीचा आवाज झाला. गुरुजी होते. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चल," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता उतारावरून खाली चालू लागले. ती मागोमाग गेली. लिंडेनची जुनी झाडं ओलांडून ते किल्ल्याच्या वाहनतळाशी आले. डांबरी, पांढऱ्या पट्ट्या आखलेला, त्या दिवशी मोटारींनी भरलेला. गुरुजींनी काठीने कुठे नेमकं दाखवलं नाही, नुसती हवेत फिरवली.

"इथेच कुठेतरी. तेव्हा कुरण होतं."

हेडीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "वाहनतळ कधी झाला?"

"तू कॉलेजात होतीस."

"किल्ल्याच्या मंडळाने केला ना? अध्यक्ष तुम्हीच होतात."

"मी म्हणालो होतो, झाडांच्या पलीकडे करा. ते म्हणाले, तिकडे चढ आहे, बसगाड्यांना वळता येणार नाही."

"का नको, ते सांगितलंत?"

गुरुजींनी काठीचं टोक डांबरावर टेकवलं. म्हणाले, "तो पडलेला पोरगा विचारत होता काहीतरी. संध्याकाळपर्यंत. त्याची भाषा कुणाला येत नव्हती. माझ्याकडे बघून विचारत होता."

"त्याचं नाव काय होतं?"

"माझा बाप सगळ्यांना इव्हानच म्हणायचा."

वर दालनात बँड वाजत होता. एक बस वळण घेऊन आत आली, चालकाने भोंगा वाजवला. दोघं बाजूला झाले. गुरुजींनी सवयीने चालकाला टोपी उंचावून दाखवली. हेडी आपल्या गाडीत बसली आणि निघून गेली.

वाहनतळ उकरून शोध घ्यावा म्हणून तिने अर्ज केला. हंगाम संपल्यावर बघू, असं उत्तर आलं. हंगाम संपला, तेव्हा जमीन गोठल्याचं उत्तर आलं. वसंतात तिने पुन्हा लिहिलं, त्याला उत्तरच आलं नाही. किल्ल्याच्या दाराशी नवा फलक मात्र लागला: छप्पर सोळाव्या शतकातलं, विसाव्या शतकात डागडुजी.

बाप-लेकीचं बोलणं तुटलं. नाताळला तिने फोन केला, तो वाजत राहिला. नंतर तिनेही करणं सोडलं. गावाकडचं जे काही कळायचं ते त्सिली मावशीकडून, आणि मावशी कधी कुणाची भीड ठेवून बोलली नाही.

"तुझा बाप अजून रविवारी वर जातो गं," शरदात एकदा ती फोनवर म्हणाली. "पाय चालत नाहीत, तरी जातो. पण ती गोष्ट सांगत नाही आता. नुसता उभा राहतो काठी टेकून. लोकच मान वर करून विचारतात, केवढं जुनं आहे हो छप्पर?"

"मग काय सांगतात?"

"सांगतो की, माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे."

"आणि लोक?"

"लोक हसतात," मावशी म्हणाली. "म्हातारा गमत्या आहे म्हणतात. परवा एका बाईने तर टाळी दिली त्याला."